आचार्य जगदीशचंद्र बोस : आपल्या वाय-फायचे पणजोबा

वायरलेस म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, मार्कोनी! अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये तेच पाठ केलं, इंजिनिअरिंगला आल्यावर व्हायव्हात तेच सांगितलं. पण मित्रांनो, मोबाईलच्या कोपऱ्यात वाय-फायची ती छोटीशी खूण उमटते ना, तिच्या मुळाशी जाऊ लागलो की वाटेत कोलकात्याचं एक कॉलेज लागतं. तिथल्या एका अरुंद खोलीत गावच्या टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून काम करणारा एक भारतीय प्राध्यापक दिसतो. आचार्य जगदीशचंद्र बोस! यंदा होस्टेल कमिटीने नवीन वाय-फायसाठी कोणते ॲक्सेस पॉइंट घ्यावेत याची पाहणी माझ्याकडे दिली. त्या निमित्ताने जे वाचलं, त्यात हा माणूस मला पानोपानी भेटत गेला. म्हणून हा लेखप्रपंच.

मातृभाषेची शाळा

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, ब्राह्मो समाजाचे. त्या काळी साहेबाच्या हाताखालचा नोकरदार आपल्या पोराला इंग्रजी शाळेतच घालायचा. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातलं. आधी आपली भाषा, आपली माणसं कळली पाहिजेत, मग इंग्रजी, असा त्यांचा हिशोब. वर्गात एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या, पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला. सेमी-इंग्लिश की मराठी मीडियम यावर आपल्या रूमवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालतात, त्या सर्वांनी हे ध्यानात ठेवावं असं मला वाटतं!

पुढे वडिलांची बदली बर्दवानला झाली. तापाच्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी भगवानचंद्रांनी तिथे एक छोटा कारखानाच उघडला. सुतारकाम, लोहारकाम शिकवायचं आणि पोरांना पोटाला लावायचं. लहानग्या जगदीशचा हात त्या हत्यारांवर बसला. आपल्या वर्कशॉपमध्ये फाईल घासताना आपण कुरकुरतो, पण पुढे ज्याने जगाला चकित करणारी उपकरणं बनवली त्याची सुरुवात अशाच वर्कशॉपमध्ये झाली होती.

कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों नावाचे बेल्जियन पाद्री भौतिकशास्त्र शिकवायचे, तेही प्रयोग करून दाखवत. जगदीशचंद्रांना विज्ञानाची गोडी लागली ती तिथे. 1880 साली ते लंडनला डॉक्टरीसाठी गेले, पण तापाने पाठ सोडली नाही आणि डिसेक्शनच्या खोलीतला वास सहन होईना. डॉक्टरी सुटली. मग केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले. 1884 मध्ये केंब्रिज आणि लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते परत निघाले. ब्रँच बदलली म्हणून आयुष्य संपत नाही, हे यावरून दिसतंच.

तीन वर्षं बिनपगारी

1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. खरी परीक्षा इथून सुरू झाली. सरकारी शिक्षण खात्यात भारतीय प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. त्यात बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे काम तेवढंच, तास तेवढेच आणि पगार एक तृतीयांश! तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या सरांना आणि मॅडमना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

बोसांनी काय करावं? राजीनामा दिला नाही, भांडण केलं नाही. रोज वेळेवर कॉलेजात जायचे, पूर्ण ताकदीने शिकवायचे आणि पगाराला हात लावायचे नाहीत. एक महिना, दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं! घरची स्थिती तरी कुठे बरी होती? वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेले उद्योग बुडाले होते, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं. या अबलाबाई नावाच्याच अबला. मद्रासला जाऊन डॉक्टरी शिकलेल्या. कोलकात्यात घरभाडं परवडेना म्हणून दोघांनी नदीपलीकडे चंदननगरला बिऱ्हाड केलं. बोस होडीने हुगळी ओलांडून गाडी पकडायचे आणि अबलाबाई होडी परत वल्हवत न्यायच्या.

शेवटी खात्याला नमावं लागलं. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार, मागच्या तारखेपासून, एकरकमी हातात आला. त्या पैशाचं काय केलं? वडिलांचं कर्ज फेडलं. मला तर वाटतं, या माणसाचा सर्वांत अवघड प्रयोग हाच होता.

भिंतीपलीकडची घंटा

हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या त्या 1887-88 च्या सुमारास. 1 जानेवारी 1894 ला तो वारला, वय अवघं 36. त्याच वर्षी बोसांनी हर्ट्झच्या कामाविषयी ऑलिव्हर लॉज यांचं लिखाण वाचलं आणि स्वतःच्या 36 व्या वाढदिवशी ठरवलं की आता हेच काम करायचं.

पण करायचं कुठे? प्रेसिडेन्सी कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळाच नव्हती. बाथरूमला लागून असलेली एक चिंचोळी जागा मिळाली. उपकरणांसाठी पैसा स्वतःच्या खिशातून. मदतीला एक टिनवाला.

आता इथे जरा थांबू, कारण इंजिनिअरने शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. हर्ट्झच्या लहरी लांब होत्या, दोन फुटांपासून पुढे. लहर लांब असली की आरसे, भिंगं, लोलक सगळं अवाढव्य लागतं. बोसांनी विचार केला, खोली मोठी होऊ शकत नाही ना, मग लहर छोटी करू! त्यांनी अडीच सेंटिमीटरपासून थेट 5 मिलिमीटरपर्यंत लहरी खाली आणल्या. आजच्या भाषेत 12 ते 60 गिगाहर्ट्झ. सगळं यंत्र टेबलावर मावलं. लहरी पाठवायला त्यांनी चौकोनी आणि गोल नळ्या वापरल्या, त्या म्हणजे आजचे वेव्हगाइड. लहरी गोळा करायला नरसाळं लावलं, तो आजचा हॉर्न अँटेना. ध्रुवीकरण तपासायला तागाचे पिळलेले दोर घेतले. एवढंच काय, रेल्वेच्या ब्रॅडशॉ टाइमटेबलाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्याचाही पोलरायझर केला! लॅबमध्ये किट नाही म्हणून प्रॅक्टिकल झालं नाही, असं म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

मे 1895 मध्ये त्यांचा पहिला निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे आला. त्याच सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग झाला. एका खोलीतून निघालेल्या लहरी भिंती आणि खुद्द बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचं भरभक्कम शरीर ओलांडून सुमारे 75 फुटांवर पोचल्या. तिथे घंटा वाजली आणि थोडी दारू उडाली. तार नाही, दोरी नाही! 1896 मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली, आणि जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते आपल्या यंत्रासह बोलायला उभे राहिले.

पुढे 2012 साली आयईईई या आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या संस्थेने बोसांच्या 1894 ते 96 मधल्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

थकणारं यंत्र

लहर पाठवणं सोपं, पकडणं अवघड. त्या काळी लहर ओळखायला कोहिअरर वापरत, म्हणजे काचेच्या नळीत धातूचा भुगा. लहर आली की भुगा चिकटायचा आणि वीज वाहायची. पण पुढची लहर पकडायची तर नळीला टिचकी मारून भुगा मोकळा करावा लागे. त्यात बंगालची दमट हवा, भुगा गंजायचा. बोसांनी भुग्याऐवजी पोलादी स्प्रिंगा वापरल्या, दाब आणि व्होल्टेज कमी-जास्त करून बघितलं. 1899 मध्ये लोखंड आणि पाऱ्याचा, टेलिफोनवर ऐकता येणारा कोहिअरर रॉयल सोसायटीपुढे ठेवला. या जातीचा पाऱ्याचा कोहिअरर मार्कोनीने 1901 च्या अटलांटिकपार प्रयोगात वापरला. तो नेमका कुणाचा यावर पुढे बराच वाद झाला. मार्कोनीचं श्रेय मी नाकारत नाही. त्याने प्रयोगाची यंत्रणा केली, जहाजाजहाजावर नेऊन बसवली, हेही मोठंच काम आहे. पण पाया कुणी घातला हेसुद्धा सांगायला नको का?

बोसांना पेटंटचा तिटकारा. ज्ञान विकायचं नसतं अशी त्यांची ठाम भूमिका. स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी फारच गळ घातली म्हणून गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं एक अमेरिकन पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावे झालं. सेमीकंडक्टर उपकरणाच्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. त्यातून त्यांनी पैसा मात्र काढला नाही.

आणि आता गंमत बघा. हे डिटेक्टर सारखे वापरले की मंद पडायचे. थोडी विश्रांती दिली की परत ताजेतवाने! सायंकाळी आठ वाजता आपल्या होस्टेलचा राउटर मान टाकतो आणि कुणीतरी बंद-चालू केला की शुद्धीवर येतो, तसंच म्हणा ना! आपण बटण दाबून मोकळे होतो. बोसांनी विचारलं, धातू थकतो कसा? मग स्नायू थकतो, झाड थकतं, त्यात आणि यात साम्य काय? या एका प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. 1902 मध्ये सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावर त्यांचं पुस्तक आलं. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला, भौतिकवाल्याने आपल्या वावरात शिरू नये असा एकूण सूर. बोस हटले नाहीत. झाडाची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. त्यांचे काही निष्कर्ष पुढे सर्वांना मान्य झाले नाहीत, पण वनस्पतींमध्येही विजेचे संदेश धावतात ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात आहे.

1915 मध्ये ते निवृत्त झाले. 1917 मध्ये सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर उभं केलं. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं, 79 वा वाढदिवस आठवड्यावर असताना. त्या वेळी गांधीजी आपल्या वर्धेजवळच्या शेगावात राहायला येऊन दीड वर्ष झालं होतं. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून सरकारने आश्रमात टेलिफोन बसवला, तो आजही तिथे पाहायला मिळतो. एका खेड्यात दिल्लीपर्यंतची एक तार! आज त्याच तालुक्यातल्या होस्टेलात एकेका पोराजवळ दोन-दोन बिनतारी यंत्रं आहेत आणि तरीही बोलणं तुटतं.

बोस आपल्या होस्टेलवर आले तर...

आता मुद्द्याचं. आपल्याकडे काय होतं ते सर्वांना माहीत आहे. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी पान फिरत राहतं, स्कॉलरशिपचा अर्ज अर्ध्यात अडकतो. मागच्या वर्षी एका मित्राचा ऑनलाईन इंटरव्ह्यू ऐन रंगात असताना नेट गेलं. परत जोडेपर्यंत पॅनल उठून गेलं होतं. त्याला दुसरा चान्स मिळाला नाही. त्यामुळे हा सिनेमे डाउनलोड करण्यापुरता प्रश्न नाही बाप्पा!

कमिटीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, घरगुती राउटर भरपूर घ्यायचे आणि प्रत्येक पॅसेजमध्ये चार-चार टांगायचे. दुसरा, व्यावसायिक दर्जाचे ॲक्सेस पॉइंट मोजकेच, पण नीट जागी बसवायचे. दुसऱ्यात एका नगाला पैसे जास्त लागतात, म्हणून बरेच जण पहिल्याकडे झुकले आहेत. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. का, ते बोसांच्याच वाटेने सांगतो.

पहिली गोष्ट, लहरीची लांबी. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, 5 गिगाहर्ट्झची साडेपाच-सहा सेंटिमीटरची. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिथे गर्दी फार आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. एका पॅसेजमध्ये चार राउटर टांगले की ते एकमेकांवरच ओरडणार. 5 गिगाहर्ट्झवर मोकळे चॅनल भरपूर आणि 2018 पासून आपल्या देशात त्याचा मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे. पण ती लहर जाड भिंतीला लवकर दमते. आणि बोसांची 5 मिलिमीटरची लहर? 60 गिगाहर्ट्झचं वाय-फायसुद्धा निघालं आहे, पण ते एका खोलीपुरतंच.

दुसरी गोष्ट, हवा सर्वांची एकच. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. मेसच्या रांगेसारखं आहे हे. पुढचा एक जण हळूहळू वाढून घेत असला की मागचे सगळे ताटकळतात. दूरचा, क्षीण सिग्नलवाला मोबाईल तसाच सर्वांचा वेळ खातो. घरगुती राउटर पाच-दहा जणांचा संसार सांभाळायला केलेला असतो. व्यावसायिक ॲक्सेस पॉइंट गर्दी गृहीत धरूनच बनवतात. जवळच्याला 5 वर ढकलणं, प्रत्येकाला वेगाची मर्यादा घालणं, चालताना एका पॉइंटवरून दुसऱ्यावर अलगद सोपवणं आणि सगळे पॉइंट एकाच ठिकाणाहून सांभाळणं, ही कामं तो करतो. तरीही बॉक्सवर लिहिलेल्या शेकडोंच्या आकड्यावर जाऊ नये. एका पॉइंटमागे 30-40 चालू उपकरणं धरून हिशोब करावा.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. कोलकात्याच्या दमटपणाने बोसांचा भुगा गंजला, आपल्याकडे वर्धेचा मे महिना आहे! पारा 45 च्या वर जातो. त्यामुळे कमाल तापमान 40 लिहिलेलं यंत्र आपल्या कामाचं नाही, 50 तरी पाहिजे. आणि उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीत काय बसतं? कूलर! लोखंडी पत्रा, आत पाणी आणि ओली खस. सिग्नल अडवायला याहून पक्की भिंत शोधून सापडायची नाही. म्हणून पाहणी हिवाळ्यात केली तर ती अर्धीच, कूलर लागल्यावर परत फिरून मोजली पाहिजे.

चौथी गोष्ट, वीज. लाईट गेली की राउटर बंद. व्यावसायिक पॉइंटला नेटच्याच केबलमधून वीज मिळते. म्हणजे खाली एका स्विचला यूपीएस लावला की वरचे सगळे पॉइंट चालू. केबल मात्र अस्सल तांब्याची आणि शंभर मीटरच्या आत हवी.

शेवटी कागदपत्रं. रेडिओ यंत्राला सरकारी मान्यता आहे का, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, वॉरंटीत बदलून देणार की नागपूरला खेटे मारायला लावणार, आणि कंट्रोलरचं लायसन दरवर्षी भरावं लागतं का? स्वस्त दिसणारं कोटेशन इथेच महाग पडतं. आणि सर्व यंत्रं एकदम घेण्याआधी एकच नग आणून गर्दीच्या मजल्यावर पंधरा दिवस चालवून बघावा. रात्री आठ ते अकरा, सगळे ऑनलाईन असताना. बोसांनी ऐकीव गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही, आपण तरी जाहिरातीवर का ठेवावा?

बोसांच्या चरित्रातून मला घ्यावीशी वाटली ती गोष्ट ही. एक तृतीयांश पगार घेऊन टाकला असता तर निदान त्या महिन्याचं भागलं असतं. त्यांनी तीन वर्षं कळ काढली आणि पूर्ण हक्काचं घेतलं. यंदा पैसे कमी असतील तर दोनच मजले करू, पण चांगले करू. तिसरा मजला पुढच्या वर्षी. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्यांना रीडिंग रूमची जागा आधी, असंही ठरवता येईल. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावरच राहतो, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे!

दोन्ही कोटेशन नोटीस बोर्डवर लावली आहेत. वाचा, हिशोब करा, सरांना विचारा आणि मग कमिटीच्या बैठकीत हात वर करा. आणि हो, 30 नोव्हेंबरला आचार्यांची जयंती असते. त्या दिवशी आपल्या लॅबमध्ये टाइमटेबल आणि वर्ख घेऊन तो पोलरायझर करून पाहायचा बेत आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, चहा आमच्याकडून!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स ॲण्ड टेलिकम्युनिकेशन